चौथ्या वळणावरची गिरकी

व्हर्लन यंदा येणार नाही असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. लोरीनने नाही. तिने भावाची खुर्ची नेहमीसारखी टेबलाच्या टोकाला, झाडाच्या सावलीत ओढून ठेवली. तिची मुलगी नदीन बघत राहिली.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला किलियन आणि सिग्मन या दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं, हे लोरीन सिग्मनची किलियन झाली त्या वर्षापासून चालत आलं होतं. हॉइट आणि व्हर्लन, तिचा नवरा आणि तिचा भाऊ. दोघांनी मिळून उभी केलेली मोटार-शर्यतीची टीम मोडली आणि दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या, त्या वर्षीही हे जेवण चुकलं नव्हतं. पुढे हॉइटचं वर्कशॉप वाढत वाढत विमानतळाएवढं झालं, शंभरावर माणसं तिथे कामाला लागली. व्हर्लन मूर्सव्हिलबाहेरच्या जुन्या कापसाच्या गोदामातच राहिला. एक गाडी, मूठभर माणसं, त्यातली निम्मी फक्त शनिवार-रविवारपुरती. इंजिनंसुद्धा तो हॉइटकडूनच भाड्याने घ्यायचा.

कालची व्हर्जिनियातली शर्यत लोरीनने घरी टीव्हीवर पाहिली होती. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात सोळा गाड्या जातात. पंधरा ठरल्या होत्या. सोळाव्या जागेसाठी दोघंच उरले होते: हॉइटचा बिनीचा ड्रायव्हर प्रेस्टन वेल आणि व्हर्लनकडचा चाळिशी ओलांडलेला बक लेदफर्ड. दोघांत जो पुढे राहील तो आत. थोड्याच फेऱ्या उरल्या तेव्हा बक पुढे होता, चांगला पुढे. लोरीनला आनंद झाला होता आणि तो बोलून दाखवायला घरात कुणी नव्हतं. तेवढ्यात चौथ्या वळणावर तिच्या धाकट्याची, ड्वेनची गाडी एकटीच गिरकी खाऊन गवतात गेली. ड्वेन बापाच्या टीमची दुसरी गाडी चालवायचा. कुणाचा धक्का नव्हता, आजूबाजूला कुणी नव्हतंच. लोरीन ताडकन उभी राहिली, ती ड्वेनने खिडकीची जाळी आतून खाली पाडेपर्यंत बसली नाही. जाळी पडली म्हणजे पोरगं धड आहे.

मग पिवळा झेंडा आला, गाड्या हळू होऊन एकामागोमाग गोळा झाल्या, बकची आघाडी तिथेच संपली, आणि सगळ्या टायर बदलायला ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये शिरल्या. प्रेस्टनचे टायर बदलणारे म्हणजे कॉलेजात फुटबॉल खेळलेले गडी, आठवडाभर दुसरं काम नाही. व्हर्लनच्या माणसांकडून चाकाचा एक नट हुकला. प्रेस्टन आधी बाहेर पडला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. सोळावी जागा हॉइटची झाली.

दुपारी फाटकातून व्हर्लनचा पिकअप आत आला तेव्हा भट्टीपाशी उभ्या हॉइटने हातातला चिमटा खाली ठेवला. व्हर्लन उतरला. एका हातात दरवर्षीचं कोबीच्या लाल कोशिंबिरीचं पातेलं, मागे त्याची मुलगी ट्विला.

"काय हॉइट, यंदा तरी मांस भाजलंयस की नेहमीसारखं जाळलंस?"

"तुझ्या कोशिंबिरीखाली काहीही खपतं रे," हॉइट म्हणाला आणि हसला. थोरला गार्लंडही हसला. जावई टेरल हसला. ड्वेन हसला नाही. त्याने मामाच्या हातातलं पातेलं घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

सगळे बसले. हॉइटने प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा आखूड. हिकरीच्या लाकडाच्या धुरात भाजलेलं डुकराचं मांस, मक्याच्या पिठाची भजी, गोड चहाचे जग, सगळं हातोहात फिरू लागलं. कुणी हवेबद्दल बोललं, कुणी पाद्र्याच्या नव्या गाडीबद्दल. लोरीनला वाटलं, निभावलं आजचं.

"टेरल," ट्विला मध्येच म्हणाली, "एक विचारू का?"

टेरल आणि ट्विला दोघंही स्पॉटर. स्टँडच्या छतावर सगळे स्पॉटर खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि खाली गाडीत काही न दिसणाऱ्या आपापल्या ड्रायव्हरला रेडिओवरून ट्रॅक सांगत राहतात. काल टेरल ड्वेनला सांगत होता, ट्विला बकला.

"विचार की."

"काल मी तुझ्या शेजारी होते. माझ्या कोपराला तुझं कोपर लागत होतं. ड्वेनची गिरकी बसली त्याच्या आधी तू रेडिओवर काय म्हणालास?"

"काय म्हणालो? नेहमीचंच. मागे कोण आहे, पुढे कोण आहे."

"तू म्हणालास, 'आईने जेवायला बोलावलंय.'" ट्विलाने लोरीनकडे मान वळवली. "आत्या, काल तू कुणाला जेवायला बोलावलं होतंस का?"

लोरीनला आधी काही उमजेना. "काल? मी तर एकटीच होते. सूप गरम केलं नि टीव्हीपुढे प्यायले."

टेरलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अगं, गंमत असते ती," गार्लंड घाईने म्हणाला. ड्वेनच्या गाडीचा क्रू चीफ, म्हणजे तिच्या सगळ्या माणसांचा मुकादम, तोच, आणि बापाच्या मागे सगळी टीम चालवायचा तोही तोच. "ड्वेन तापला की टेरल असलं काहीतरी बोलून त्याला थंड करतो. सवय आहे."

"छान सवय आहे. वर्षभर तुमची बडबड ऐकतेय, आजवर कधी कानावर आली नाही."

"ट्विला," व्हर्लन म्हणाला. त्याने काटा ताटलीत ठेवला, तोंड पुसलं. "मी भांडायला आलो नाही, हॉइट. मी कालपासून वाट बघतोय. म्हटलं, रात्री फोन येईल. नाही आला. म्हटलं, उद्या जेवताना कुणीतरी काहीतरी बोलेल. चार जण आहात की तुम्ही! एकाला तरी बोलावंसं वाटेल."

"काय बोलायचं? टायर बसला त्याचा. उजवा मागचा."

"मग मला तो टायर दाखव."

भज्यांच्या परातीवर माशी बसली होती, ती हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"दाखवतो ना," हॉइट उठला. "गार्लंड, ड्वेन, चला रे. मामाला टायर बघायचाय."

*

वर्कशॉप सुट्टीमुळे रिकामं होतं. पांढऱ्या फरशीवर पुढच्या शर्यतीच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, इतक्या चकचकीत की ड्वेनला त्यांच्या पत्र्यात आपले पाय दिसत होते. गार्लंड ट्रकच्या मागून एक टायर लोळवत घेऊन आला. शर्यत झाली की टायर कंपनीला परत जातात. हा मात्र कुणीतरी ठेवून घेतला होता. गार्लंडच्या दुसऱ्या हातात टोच्या होता.

"हे काय?" ड्वेनने विचारलं.

"उजवा मागचा."

"त्याला भोक नाहीये."

"अजून नाहीये."

ड्वेन बापाकडे वळला. "डॅडी, तुम्ही हे मामाला दाखवणार?"

"मामाला दाखवायचंय ते सोड. उद्या सकाळी शर्यतींच्या नियामक मंडळाची माणसं येताहेत. रेडिओची टेप त्यांच्याकडे आहे. त्यांना काय दाखवशील?" हॉइटचा आवाज चढला नव्हता. तो आवाज चढवायचाच नाही, त्याचीच सगळ्यांना भीती वाटायची. "प्रेस्टन शेवटच्या टप्प्यात गेला नसता तर आपल्याला पैसा पुरवणारी विमा कंपनी गाडीवरून नाव काढून घेणार होती. तसं तोंडावर सांगितलं त्यांनी मला. ते गेले की अर्धं वर्कशॉप घरी. ती माणसं तुला माहीत आहेत. त्यांच्या बायका-पोरांसकट माहीत आहेत. व्हर्लनकडची माणसं सोमवारी आपापल्या दुसऱ्या नोकरीवर जातात. आपल्याकडच्यांना दुसरी नोकरी नाही. मी कुणाकडे बघायचं होतं, सांग."

बाप म्हणत होता ते खोटं नव्हतं, हेच तर ड्वेनला खात होतं. शनिवारी ट्रकमध्ये गार्लंडने गिरकीच्या इशाऱ्यासाठी जेवायच्या हाकेचं वाक्य काढलं तेव्हा तो स्वतः हसला होता. रेडिओ कुणीही ऐकू शकतं, प्रेक्षकसुद्धा. तेव्हा साधंसुधं, घरगुती काहीतरी हवं. लहानपणी आई मागच्या दारातून हाक मारायची तीच हाक. आणि काल ती कानात आली तेव्हा त्याने विचार केला नव्हता. हाताने चाक फिरवलं होतं आणि पायाने रेस दाबली होती. हाच हात पहिल्यांदा चाकावर कसा धरायचा ते हिकरी गावच्या ट्रॅकवर व्हर्लनमामाने शिकवलं होतं, कारण तेव्हा डॅडी कुठल्यातरी कंपनीच्या साहेबांबरोबर जेवायला गेले होते.

"आणि टेपचं काय?" तो म्हणाला. "टायर दाखवाल. 'आईने बोलावलंय' त्याचं काय?"

गार्लंडने टोच्या बाकावर ठेवला. "त्याचा विचार केलाय मी. नाहीच ऐकलं त्यांनी, तर टेरलने स्वतःच्या डोक्याने केलं असं म्हणायचं. आपल्याला कुणाला काही माहीत नाही. स्पॉटर काय, दुसरा मिळतो. ड्रायव्हर आणि क्रू चीफ असे मिळत नाहीत."

"टेरलला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? तो घरचाच आहे."

*

नदीन दारात उभी होती. टेरल तिच्या मागे.

टीमच्या वतीने वर्तमानपत्रांना आणि टीव्हीवाल्यांना काय सांगायचं ते नदीन लिहायची. आजचं निवेदन तिने सकाळीच फोनवर लिहून ठेवलं होतं: टायर बसल्यामुळे ड्वेन किलियनचा ताबा सुटला, वगैरे. लिहिताना तिने फार खोलात जाऊन विचारलं नव्हतं. नवऱ्याचे कान लाल झालेले तिने टेबलावर पाहिले तेव्हासुद्धा तिची पहिली चीड ट्विलावर होती. जेवणावळीत कुणी असं उकरून काढतं का! डॅडींकडून ते निवेदन एकदा नजरेखालून घालून घ्यावं म्हणून ती आली होती.

"घरचाच आहे," ती म्हणाली. गार्लंड वळला. "वा रे वा. लग्नापासून त्याला 'नदीनचा नवरा' म्हणता तुम्ही. गेल्या नाताळात फोटो काढताना तू त्याच्या हातात कॅमेरा दिलास, आठवतंय? आणि आज एकदम घरचा झाला?"

"नदीन, ऐकून तरी घे..."

"ऐकलं मी! सगळं ऐकलं!"

"जाऊ दे गं," टेरल मागून हळू म्हणाला. "माझी काही हरकत नाही. एक मोसम बाहेर बसेन. घरासाठी..."

ती गर्रकन त्याच्याकडे फिरली. "तुझी हरकत नाही? तुझी कशावरच हरकत नसते म्हणून तर हे तुझ्या मानेवर सुरी ठेवतात आणि वर मानही तूच पुढे करतोस! एक मोसम? एकदा तुझं नाव असं लागलं की तुला कुणी छतावर पाऊल ठेवू देणार आहे का? या गावात तू कुठे तोंड दाखवशील? आणि हा," तिने गार्लंडकडे बोट केलं, "हा त्याच छताखाली बसून चषक उचलेल!"

"हळू बोल," हॉइट म्हणाला. "बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे ना ऐकू!"

तिने फोन काढला, सकाळी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि रिकामा पडदा बापाच्या तोंडासमोर धरला. "हे घ्या तुमचं निवेदन."

*

लोरीन आत आली तेव्हा तिच्या मागे व्हर्लन होता. त्याने टायरकडे पाहिलं, मग बाकावरच्या टोच्याकडे. खाली वाकून त्याने टायरवरून हात फिरवला, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवतात तसा.

"टायर तर धडधाकट आहे हा, हॉइट."

हॉइटची नजर गार्लंडकडे गेली.

"मी सांगू का तुला?" व्हर्लन सरळ झाला. "तू समोरून येऊन मला ठोकलं असतंस ना, तर मी काही बोललो नसतो. ट्रॅकवर आपण एकमेकांना कमी का ठोकलंय? माझ्या गाडीचं इंजिन तुझं आहे. तुला जिंकायचं असतं तर तू मला एक मेलेलं इंजिन दिलं असतंस, तेसुद्धा मी समजलो असतो! पण पोराला गवतात घालायचं? माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराला?"

"इंजिनाचं नाव काढलंस म्हणून सांगतो," हॉइट म्हणाला. "तू उद्या मंडळापुढे काय बोलशील ते तुझं तू ठरव. पण करार दर वर्षी नवा करावा लागतो, एवढं लक्षात ठेव."

"हॉइट!" लोरीन म्हणाली.

"तू यात पडू नकोस."

"मी पडू नको?" ती नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या छातीइतकीच होती. "मला पाडलंय तुम्ही यात! माझ्या तोंडचे शब्द चोरलेत. पोरं चिखलात खेळत असायची तेव्हा हाक मारायचे मी, हात धुवायला लावायचे, ताटं वाढायचे. तीच हाक घेतलीत? माझ्या भावाचा गळा कापायला दुसरे कुठले शब्द नव्हते?"

"आई, तो नुसता इशारा होता गं," गार्लंड म्हणाला.

"तू गप्प बैस. तुझी अक्कल आहे ही, मला कळतंय. तुझ्या बापाला एवढं सुचत नाही." मग ती ड्वेनकडे वळली, आणि ड्वेनला वाटलं की ती आता रडेल. ती रडली नाही. "मी काल उभी होते. तुझी गाडी फिरली तेव्हा. तुझ्या खिडकीची जाळी खाली पडेपर्यंत मी उभी होते, आणि देवाला काय काय कबूल करत होते ते तुला सांगायची लाज वाटते मला. आणि तू आत बसून काय करत होतास? आपलं काम चोख झालं की नाही ते बघत होतास!"

"आई..."

"मला आई म्हणू नकोस आज."

हॉइटने तिच्या दंडाला धरलं. तिने दंड सोडवून घेतला. "इतकी माणसं पोटाला लावलीस ना तू, मान्य आहे मला. त्यांच्यासाठी केलंस म्हणशील. मग त्यांना विचार की एकदा, आमच्या पोटासाठी हे करा, असं त्यांतला कोण म्हणतो ते!"

व्हर्लन दाराकडे निघाला. "ट्विला गाडीत बसलीय," तो म्हणाला. "पातेलं राहू दे, नंतर पाठव."

लोरीन त्याच्या मागोमाग बाहेर गेली आणि पिकअपमध्ये ट्विलाच्या शेजारी चढून बसली. पायात घरातल्या सपाता, अंगावर एप्रन तसाच. नवऱ्याने काही बोलायच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली.

वर्कशॉपमध्ये पाच जण उरले. टायर फरशीवर पडून होता.

"दोन दिवसांत येईल परत," हॉइट म्हणाला. "आता ऐका. उद्या..."

"मी खरं सांगणार आहे," ड्वेन म्हणाला.

"तू सांगशील आणि त्या दिवसापासून माझ्या गाडीत बसणार नाहीस."

"माहीत आहे."

"दुसऱ्या कुणाच्याही नाही. मुद्दाम गिरकी घेणारा ड्रायव्हर कोण ठेवेल?"

"तेही माहीत आहे, डॅडी." नदीनने पुढे होऊन त्याचा हात धरला. टेरलने टोच्या उचलला आणि हत्यारांच्या कप्प्यात जागेवर ठेवला.

*

मंगळवारी मंडळाच्या तीन माणसांसमोर ड्वेनने सांगितलं. कुणाच्या डोक्यातून निघालं, कुठे ठरलं, कुणी बोललं, चाक कुणी फिरवलं, सगळं. टेरलनेही सांगितलं. गार्लंड म्हणाला, मला काही आठवत नाही. हॉइट वकिलाशिवाय एक शब्द बोलला नाही.

बुधवारी निकाल आला. प्रेस्टन बाहेर, बक लेदफर्ड आत. गार्लंडला मोसम संपेपर्यंत ट्रॅकवर बंदी, ड्वेन आणि टेरल दोघांनाही तेवढीच. हॉइटने ड्वेनला त्याच दिवशी काढलं, ते त्याला फाटकावरच्या रखवालदाराकडून कळलं. बापाने फोनही केला नाही. विमा कंपनीने आपलं नाव वर्षअखेरीस काढून घेत असल्याचं जाहीर केलं. मागच्या बाजूला पत्र्याचं काम करणाऱ्या माणसांना नोटिसा लागल्या. त्यांच्यातल्या एकाची बायको दुकानात लोरीनला भेटली आणि म्हणाली, "तुमच्या घरच्या भांडणात आमचं घर बसलं, लोरीन. तुम्हा दोन्ही बाजूंना देव बघून घेईल." लोरीन अजून भावाच्याच घरी राहत होती. हॉइट दोनदा येऊन फाटकापाशी गाडीत बसून परत गेला होता.

गुरुवारी ड्वेन व्हर्लनच्या गोदामात गेला. व्हर्लन गाडीखाली होता. इंजिन आता दुसऱ्या टीमकडून येणार होतं, मापं जुळत नव्हती, सगळ्यांची धावपळ चालली होती. ड्वेन तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने व्हर्लन बाहेर आला आणि हात पुसत त्याच्याकडे बघत राहिला.

"मामा, मी सांगितलं त्यांना."

"ऐकलं मी."

"मला माफ..."

"थांब." व्हर्लनने फडकं बाकावर टाकलं. "तुझ्या बापाने सांगितलं, भावाने ठरवलं, टेरल बोलला. बरोबर? गाडीत तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"मंगळवारी खरं बोललास, मोठं काम केलंस. लोक म्हणताहेत तसं. मीही म्हणेन कधीतरी. आज मला म्हणवत नाही. रविवारी त्या वळणावर तुला कुणी हात लावू शकत नव्हतं, ड्वेन! नुसतं सरळ जायचं होतं. ऐकू आलं नाही म्हणायचं होतं. रेडिओ बिघडला म्हणायचं होतं!" त्याने तोंड फिरवलं. मग तो शांतपणे म्हणाला, "मला सोड. माझी माफी मागून काय करशील? जागा मिळाली मला परत. मागे अंगणात वेंडेल आहे. त्याच्याकडे जा."

मागच्या अंगणात जुन्या गाडीवर टायर बदलायचा सराव चालला होता. वेंडेल क्रो आठवडाभर अग्निशमन दलात असायचा आणि शनिवार-रविवारी व्हर्लनचे मागचे टायर बदलायचा. तो एका गुडघ्यावर बसून हवेच्या गनने नट काढत होता, लावत होता. गन थांबली तशी ड्वेन पुढे झाला.

"वेंडेल, रविवारचं ते मी मुद्दाम केलं होतं. तो पिवळा झेंडा यायलाच नको होता. तुम्हाला पिटमध्ये यावंच लागलं नसतं. तुझी काही चूक नव्हती, हे सांगायला आलोय."

वेंडेल गुडघ्यावरच होता. त्याने वर पाहिलं.

"नट माझ्या हातून हुकला," तो म्हणाला. "तो काय तुझ्यामुळे हुकला? माझ्या हातून हुकला. सराव कमी पडला, म्हणून इथे बसलोय."

"पण..."

"माझ्या बापाने रविवारी फोन केला. पहिल्यापासून व्हर्लनच्या गाडीमागे उन्हातान्हात उभा राहणारा माणूस. आता पाय चालत नाहीत, घरूनच बघतो. त्याने विचारलं, 'वेंडेल, तुझ्यामुळे गेलं का रे?' मी हो म्हणालो." वेंडेलने गन जमिनीवर ठेवली. "तो फोनवर गप्प झाला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प झाला आणि फोन ठेवला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही आणि दोन दिवस मी ते खरं मानून हिंडलो. तू कुठे होतास तेव्हा?"

"मी जाऊन सांगतो त्यांना. आत्ता जातो."

"तू काय सांगणार? टीव्हीवर ऐकलं त्याने. मग रडला. आता मला म्हणतो, 'मी तुझ्याशी असा का वागलो?' त्याला हे काय सांगशील तू?"

वेंडेलने गन उचलली. चाक बाजूला, भिंतीला टेकलेलं होतं; ते आणून देणारा गडी आत गेला होता. ड्वेनने पुढे होऊन चाक उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरून त्याच्यापाशी आणलं.

"ठेव ते," वेंडेल म्हणाला.

"लावून देतो फक्त."

"ठेव म्हटलं ना."

ड्वेनने चाक खाली ठेवलं. आतला गडी आला, त्याने ते उचललं, दांड्यांवर बसवलं, आणि वेंडेलने गन लावली. पाच नट, मग काढले, मग पुन्हा पाच. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. ड्वेन अंगणातून बाहेर पडला तरी आवाज चालूच होता.